भर उन्हात काय दिवे लावलेत!

ऐकलंत का? लोक आता भर उन्हात दिवे लावायला लागलेत! तेही साधेसुधे नव्हेत. चार फुटी पांढऱ्या घुमटातले, सहाशे वॉट-सेकंदांचे, आणि ते उचलून धरायला एक पगारी मनुष्य. दिव्यासमोर कोण, तर लग्न ठरलेली जोडी. आणि जोडीच्या पाठीमागे कोण? साक्षात सूर्यनारायण! ज्याला आपल्या आज्या रोज सकाळी अर्घ्य द्यायच्या, त्याला या मंडळींनी मागच्या रांगेत उभं केलंय. काम काय दिलंय, तर नवरीच्या केसांना सोनेरी काठ लावायचं. कलियुग म्हणतात ते हेच की काय?

बरं ते जाऊ दे. तुमच्या घरच्या प्री-वेडिंगची तारीख ठरली का?

आपल्या वेळी कसं सगळं सरळ होतं. ॲग्फाचा क्लिक थ्री, बारा फोटोंचा रोल आणि मामाने घालून दिलेला एकच नियम: ऊन फोटो काढणाऱ्याच्या पाठीवर आणि फोटोतल्यांच्या तोंडावर. त्यामुळे महाबळेश्वरच्या सहलीचा अख्खा अल्बम उघडून बघा, एकाचेही डोळे धड उघडे नाहीत. कपाळाला आठ्या, नाक वर, सगळं खानदान उन्हाशी भांडतंय. पण कोणी तक्रार केली? चेहरे ओळखू येत होते ना, झालं तर! आता त्याच घरातली भाची म्हणते, "मामा, ऊन माझ्या मागे पाहिजे." आणि जन्मभर आपलाच नियम सगळ्यांना ऐकवत आलेला मामा निमूट अर्धा गोल फिरून उन्हाकडे तोंड करून उभा राहतो. कुठे गेला हो तो बाणा?

ऊन मागे घेतलं की व्हायचं तेच होतं. तोंडावर अंधार. चेहरा दिसावा म्हणून उजेड वाढवला तर मागचं केशरी आभाळ पांढरंफटक पडतं. आभाळ जपायला गेलं तर नवरदेव काळाठिक्कर. दोन्ही एकाच फोटोत हवं असेल तर चेहऱ्यावर वेगळा उजेड टाकायला हवा. तो कॅमेऱ्याच्या डोक्यावरून टाकला तर चेहरा सपाट, थेट आधार कार्डाच्या वळणाचा. म्हणून फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवायचा, बाजूला तिरका आणि जरा उंच धरायचा, त्याला कापडी घुमट चढवायचा, आणि इकडे बटण दाबलं की रेडिओ ट्रिगरने तिकडे उजेड पाडायचा. म्हणजे आधी एका सूर्याकडे पाठ फिरवायची आणि मग दुसरा बॅगेतून काढायचा. हौसेला मोल नसतं म्हणतात. भाड्याची पावती बघा, असतं!

आणि एवढा खटाटोप कशासाठी? तर फोटो 'नॅचरल' दिसावा म्हणून!

मुहूर्ताचं तर विचारूच नका. पूर्वी गोरज मुहूर्त गुरुजी काढायचे, आता फोटोग्राफर काढतो. त्याच्या मोबाईलमध्ये एक ॲप असतं. कोणत्या तारखेला, कोणत्या डोंगरामागे, किती वाजून किती मिनिटांनी सूर्य जाणार, याची त्यात रेघ आखलेली. दाते पंचांगवाल्यांनीही कौतुकाने बघावं. सूर्य क्षितिजापासून साधारण सहा अंशांवर उतरला की गोल्डन अवर सुरू. नावाला अवर, पण आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ खाली जातो, पंचवीस-तीस मिनिटांत खेळ खलास. तिकडे नॉर्वे-स्वीडनला तो तिरका रेंगाळतो, उन्हाळ्यात तर तासन् तास सोनं उधळत बसतो. इथे नवरीची आई "आधी चहा तर घ्या" म्हणाली, की त्या चहात अर्धा गोल्डन अवर बुडालाच म्हणून समजा. त्या क्षणी फोटोग्राफरचा जो चेहरा होतो, त्याचाही कोणीतरी फोटो काढायला हवा. लग्नाची वेळ तासभर पुढे गेली तर मांडवात कोणाचं काही अडत नाही, अक्षता मुठीत धरून लोक गप्पा मारत बसतात. सूर्यास्त हुकला की मात्र दोन्ही घरांत बोलाचाली!

खोटं वाटत असेल तर थंडीतल्या एखाद्या रविवारी संध्याकाळी पवना धरणाच्या काठावर चक्कर मारा. ही रांग लागलेली. थोड्या थोड्या अंतरावर एकेक जोडी, प्रत्येक जोडीपुढे एकेक पांढरा घुमट. एकीच्या फोटोत दुसरीचा ड्रोन, दुसरीच्या फोटोत तिसरीचा रंगीत धूर. त्यातली एक नवरी जवळून बघा. लालभडक गाऊन, मागे दहा हात सोगा. सोगा उडवायला एक आतेभाऊ नेमलेला. त्याने तो झटकून हवेत फेकायचा आणि खाली यायच्या आत फ्रेमबाहेर धूम ठोकायची. गाऊनखाली स्पोर्ट्स शूज, कारण काठावर दगडगोटे. शेजारी आई: एका खांद्यावर तीन ओढण्या, हातात चपलांची पिशवी, ओठांत सेफ्टी पिना. तिला काही बोलायचंय हे स्पष्ट दिसतं, पण पिनांमुळे बोलता येत नाही. नवरदेवाला हुकूम सुटलाय, "तिच्याकडे बघून हस, पण दात नको." आणि सगळ्यांत मोलाचा माणूस कोण? लाइट धरणारा पोरगा. एका हातात दांडा, दुसऱ्या हाताने घुमटाची कड धरलेली. वारा आला की पोरगा आणि घुमट जोडीने पाण्याकडे निघतात. स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी टाकायची असते म्हणे. ती गाडीत असते. नेहमीच गाडीत असते!

"पुढे ये… अजून पुढे… अरे फ्रेममध्ये आलास, मागे हो!" एवढाच संवाद सूर्य बुडेपर्यंत चालतो. हा आरडाओरडा उगीच नव्हे हं. दिवा दुप्पट लांब गेला की चेहऱ्यावरचा उजेड निम्मा होत नाही, एक चतुर्थांश होतो. म्हणजे पोरगा कंटाळून एका मीटरवरून दोन मीटरवर सरकला, की नवरीची रया गेली. शाळेत व्यस्त वर्गाचा नियम ऑप्शनला टाकलेली मंडळी तोच नियम आता धरणाच्या काठावर बोंबलून शिकवतायत. फिजिक्सचे सर हयात असतील तर त्यांना एकदा घेऊन जा हो, बरं वाटेल त्यांना.

आणि यांच्या आपसातल्या गप्पा ऐकल्यात? पूर्वी चार फोटोवाले भेटले की कोणत्या पार्टीने पैसे बुडवले ते बोलायचे. आता बोलतात सिंक स्पीडवर. भानगड अशी, की कॅमेऱ्याच्या शटरला दोन पडदे असतात. साधारण सेकंदाच्या १/२०० किंवा १/२५० भागापर्यंत सगळी फ्रेम एकदम उघडी सापडते, ही मर्यादा म्हणजेच सिंक स्पीड. वेग त्याहून वाढवला की पहिला पडदा पुरता सरकायच्या आत दुसरा मिटायला निघतो. फ्लॅश पडतो तेव्हा फ्रेमचा एक भाग झाकलेला, आणि फोटोत काळा पट्टा. त्यावर तोड म्हणजे हाय स्पीड सिंक. त्यात फ्लॅश एकदाच न पडता भराभर लुकलुकत राहतो. १/८००० पर्यंत निभतं, पण ताकद पार गळते. मग ताकदीसाठी मोठा फ्लॅश, मोठ्या फ्लॅशला मोठी बॅटरी, मोठ्या बॅटरीला दणकट स्टँड आणि दणकट स्टँड टेकडीवर चढवायला दणकट पोरगा! २०२३ च्या शेवटी सोनीने ए नाइन थ्री हा कॅमेरा जाहीर केला. त्याचा सेन्सर सगळा एकाच वेळी वाचला जातो, पडद्यांचं लचांडच नाही. झालं! घराचे हप्ते फिटायच्या आत काहींच्या घरात कॅमेऱ्याच्या हप्त्यांचा विषय निघाला. आणि शेन्झेनच्या गोडॉक्सने स्वस्तातले दिवे बाजारात ओतले, तसा हा महागडा खेळ तालुक्याच्या गावी पोचला. आता पासपोर्ट फोटोवालाही गंभीर चेहऱ्याने विचारतो, "आउटडोअरला दोन लाइट घेऊ की तीन?"

नवशिक्यांची फजिती तर बघण्यासारखी. फ्लॅशचा उजेड दुपारच्या उन्हाच्या रंगाचा, साधारण ५५०० केल्विन. मावळतीचं ऊन त्याहून कितीतरी नारिंगी, ३५०० च्या आसपास किंवा खालीच. नुसता फ्लॅश मारला की आभाळ केशरी आणि नवरी निळसर पांढरी. बघणारा सहज विचारतो, "हिला मागाहून चिकटवलंय का?" एवढं सामान डोंगरावर वाहून नेलं, आणि लोकांना वाटतं घरी बसून कॉम्प्युटरवर जोडलंय! उपाय अगदी किरकोळ आहे, फ्लॅशच्या तोंडावर नारिंगी जिलेटिनचा तुकडा. त्यामुळे हल्ली नवरीला हळद लागायच्या आधी फ्लॅशला लागते.

पण खरी गंमत मतांतर झालेल्यांची. प्रत्येक गावात एक तरी गृहस्थ होते, "आपण फक्त नैसर्गिक प्रकाशात काम करतो" असं सांगणारे. आठवतात ना? फ्लॅशचं नाव काढलं की नाक मुरडायचे. देवाने एवढा मोठा दिवा फुकट दिलाय, तुमच्या डबड्याची गरज काय, म्हणून सुनवायचे. आता त्यांची बॅग उघडा. दोन डबडी! विचारलं तर म्हणतात, "हा फ्लॅश नव्हे, नुसता फिल आहे, सावलीत जरा उजेड भरायला." उपासाला साबुदाण्याची खिचडी चालते, तसा यांना फिल चालतो.

आणि आपले भाऊ? चौकातल्या फ्लेक्सवर पूर्वी भाऊ कसे असायचे? पांढरा शर्ट, जोडलेले हात, चेहऱ्यावर ट्यूबलाइट. यंदाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बघा. भाऊ उसाच्या बांधावर उभे, मागून सूर्य, खादीला सोनेरी किनार, नजर लांब कुठेतरी क्षितिजावर. खाली 'भावी आमदार'. रस्ता झाला नाही, नळाला पाणी आलं नाही, पण वॉर्डात बॅकलाइट आला! ढोल-ताशा पथकातली पोरंही मागे नाहीत. ढोल वाजवण्याआधी ढोलासकट फोटो, फेटा अस्सा आणि मागून ऊन तस्सं. जेजुरीला तर काय सांगावं? उधळलेल्या भंडाऱ्यातून ऊन आलं की हवाच सोन्याची होते, हे खरंच आहे. पण म्हणून भक्ताला सांगायचं, "काका, परत एकदा उधळा ना, लाइट चुकला"? खंडोबाने कपाळाला हात लावला असेल! डोहाळजेवणं टेकडीवर गेली. आठव्या महिन्यातली सून जपून पावलं टाकत चढतेय आणि मागून सासू रिफ्लेक्टर घेऊन. रिटायरमेंटचे फोटो निघतात, साठीशांतीचे निघतात. भटजीबुवाही "जरा थांबा, समिधा टाकतो, धुरातून छान येईल" म्हणायला लागले तर आश्चर्य नाही.

अति झालं की माती होतेच. कासचं पठार घ्या. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा झालं, आणि फुलांत बसलेली, मागून ऊन आलेली नवरी हवी म्हणून माणसं फुलांवरच बैठक मारायला लागली. शेवटी दिवसाला किती जणांना सोडायचं यावर मर्यादा घालावी लागली. तिथली टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. जिचं लग्न यंदाच आहे, तिने काय करावं? गोव्यात पर्रा गावचा तो दोन्ही बाजूंनी माडांचा रस्ता. सिनेमात झळकला आणि अशी झुंबड उडाली, की पंचायतीने फोटोंना पैसे लावले. त्यावर पुन्हा गहजब! गडावर गाऊन घालून पोझ देणाऱ्यांवर गडप्रेमी भडकतात, त्यात मात्र हसण्यासारखं काही नाही. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात तिपाई उभारायची तर परवानगी लागते, ती काढायचा कंटाळा आणि सॉफ्टबॉक्स मात्र पाठीवर घेऊन चढायचा उत्साह, हे कुठलं शहाणपण? काही समाजांच्या बैठकांत प्री-वेडिंग बंद करण्याचे ठरावही होतात. फारच छान. फक्त ठराव मांडणाऱ्यांच्या घरचे अल्बम एकदा बघायला मिळाले तर बरं, एवढीच आपली नम्र सूचना.

कोणी म्हणेल, ही सगळी आजकालची थेरं. छे हो! जेकब रीस नावाचा पत्रकार १८८० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या अंधाऱ्या चाळींत फ्लॅश पावडरचा बार उडवून फोटो काढत हिंडायचा. त्या नादात दोनदा घराला आणि एकदा स्वतःला आग लावून घेतली, असं त्यानेच लिहून ठेवलंय. आपल्याकडे व्ही. के. मूर्तींनी १९५९ च्या 'कागज के फूल'साठी स्टुडिओबाहेरचं ऊन आरशांनी आत आणलं. तो उजेडाचा झोत अजून लोक एकमेकांना दाखवतात. ते ऊन घरात आणत होते, आपण घरातला दिवा उन्हात नेतो. वेड तेच.

आणि एक गोष्ट हळू आवाजात बोलायला हवी. फोटो दिसतात मात्र झकास! नऊवारी पैठणीतली मुलगी मावळतीला पाठ करून उभी राहते. पैठणीचा ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. बाजूने फ्लॅश पडला की निरीच्या एका अंगाला जांभळा, दुसऱ्या अंगाला हिरवा. मागचं ऊन पदराच्या जरीत अडकतं. कानामागच्या सुटलेल्या बटा पेटतात, कानाची पाळी उन्हाने आरपार लालसर होते आणि नथीच्या प्रत्येक मोत्यावर घुमटाचा एकेक पांढरा ठिपका उतरतो. हीच पैठणी आजीच्या लग्नाच्या फोटोत आहे. तिथे ती काळी दिसते. आजीला विचारा कोणता फोटो आवडला. तिने स्वतःचा फोटो कधीच बाजूला सारलाय आणि नातीचा मोबाईल नाकाशी धरून बसलीय.

मग आपण कशाला सोवळे व्हायचं? टेकडीवर फिरायला जाणारे काका, सूर्य झाडाच्या फांद्यांत आला की नेमके तिथेच "जरा दम खातो" म्हणून का थांबतात? आणि काकूंना पदर सारखा करून बरोबर त्या फांदीपुढे उभं राहायचं कोणी शिकवलं? गच्चीवर कुरडया वाळत घालायला नेलेली स्टीलची परात खाली यायला तासभर का लागतो? कारण वर जाऊबाई त्या परातीने धाकटीच्या तोंडावर ऊन पाडत असतात! हॉटेलात शेजारच्याच्या मोबाईलची टॉर्च घेऊन, तिच्यावर टिश्यू पेपर धरून, "थोडं डावीकडून, थोडं वरून" असं आपणच सांगतो ना? मग तो फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरलेलाच की!

आणि कुटुंबाच्या ग्रुपवर कोणाचे प्री-वेडिंगचे फोटो पडले की आपण आधी काय करतो? घाईघाईत 'मेड फॉर ईच अदर' टाकतो, आणि मग दोन बोटांनी नवरीचा डोळा मोठा करतो. बाहुलीतला पांढरा ठिपका गोल की चौकोनी? गोल असला तर ऑक्टा, म्हणजे तोच घुमट, चौकोनी असला तर चौकोनी सॉफ्टबॉक्स, दोन असले तर मुलाकडचे तालेवार. आणि ठिपकाच नसला तर? अगं बाई, लाइटच घेतला नाही यांनी! पूर्वी पंगतीत किती पदार्थ होते ते मोजून लोक घरी जायचे. आता ठिपके मोजतात.

तेव्हा नावं ठेवायची ती ठेवूच, त्यात आपण कुठे कमी पडलोय? पण डिसेंबरात पुण्याकडे सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. साडेपाचला काठावर उभं राहायचं असेल तर चहा घरूनच पिऊन निघा, बॅटऱ्या आदल्या रात्री चार्जिंगला लावा आणि लाइट धरणाऱ्या पोराला काहीतरी खायला द्या. फोटो हातात आले की ग्रुपवर टाका. डोळे मोठे करून बघायला आपण सगळे आहोतच.